आई, जरा हलू नकोस!

इंटरमिजिएटला मला 'ए' ग्रेड होती. गेली पंधरा वर्षं संधी मिळाली की मी हे वाक्य टाकत आलेय. टीम लंचला, इंटरव्ह्यूला, एकदा तर कांदेपोह्यांच्या कार्यक्रमातसुद्धा! (मुलाने 'हो का?' म्हणून पोह्यांची बशी पुढे ओढली. विषय तिथेच संपला. दोन्ही विषय.)

महाराष्ट्रात शाळा झालेल्या मंडळींना वेगळं सांगायला नको. एलिमेंटरी, इंटरमिजिएट, बगलेत पॅड, कंपासमध्ये टोकं काढून ठेवलेल्या चार पेन्सिली आणि ते भयंकर 'स्मरणचित्र'! विषय बाग येऊ दे, बसस्टॉप येऊ दे नाहीतर भाजीबाजार, आमची माणसं ठरलेली. एक पाठमोरी बाई, एक टोपीवाले आजोबा, एक फुगेवाला. सगळे दिवाळीच्या सुट्टीत पाठ करून ठेवलेले. आणि सगळ्यांच्या कडेने फिरणारी रेघ कशी, तर गुळगुळीत. आमच्या ड्रॉइंगच्या बाई म्हणायच्या, रेघ अशी हवी की कुठे सुरू झाली आणि कुठे संपली ते कळता कामा नये. नाही कळलं, तर खोडा आणि परत काढा.

तर अशा या ए ग्रेडवाल्या बाईने तीन महिन्यांपूर्वी रविवारच्या फिगर ड्रॉइंगच्या क्लासला नाव घातलं. कारण काही उदात्त वगैरे नव्हतं. पाठ आखडली होती, डोळे कोरडे पडत होते आणि डॉक्टर म्हणाले होते, 'स्क्रीनपासून लांब राहील असं काहीतरी करा.' झुंबा की चित्रकला, एवढाच प्रश्न होता. झुंबाला ट्रॅक पँट घ्यावी लागली असती.

पहिल्याच दिवशी सरांनी बिस्किटांचा एक रिकामा डबा फिरवला. सगळ्यांनी आपापले खोडरबर त्यात टाकायचे. क्लास संपला की परत मिळतील. लग्नाच्या हॉलबाहेर चपला काढून ठेवाव्यात तशी आमची अवस्था झाली. मॉडेल म्हणून समोर स्टुलावर बसले होते सोसायटीचे वॉचमन काका. पोझ दोन मिनिटांची. मी झपझप काढलं, अगदी सफाईदार. सर मागे येऊन उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "हे काका नाहीत. हे तुमचं पाठांतर आहे."

बघितलं तर खरंच की! माझ्या कागदावर बसले होते इंटरमिजिएटचे टोपीवाले आजोबा. काकांच्या डोक्यावर टोपीच नव्हती.

मग सरांनी एक जाडजूड पुस्तक उघडून समोर ठेवलं. खरं सांगू? मला ते आवडलं नाही. हाडकुळी माणसं, टोकदार गुडघे, गाठी आलेल्या फांद्यांसारखी बोटं. मागे ना खोली, ना खुर्ची, ना जमीन. नुसता रिकामा कागद. आणि रेघ तर विचारूच नका! खांद्यावरून सरसर उतरते, कोपराशी ठेचकाळते, कंबरेजवळ येऊन करकचून दाबली जाते आणि पोटरीपाशी कंटाळल्यासारखी सोडून देते. आमच्या बाईंनी शून्य दिलं असतं.

चित्रकाराचं नाव एगॉन शीले. जन्म १८९० चा, व्हिएन्नाजवळच्या तुल्न गावातला. वडील स्टेशनमास्तर, त्यामुळे लहानपणी हा आगगाड्याच काढत बसायचा. १९०६ मध्ये, सोळाव्या वर्षी, त्याला व्हिएन्नाच्या कला अकादमीत प्रवेश मिळाला. तिथले प्राध्यापक ग्रीपेनकेर्ल जुन्या वळणाचे. प्लास्टरचे पुतळे समोर ठेवायचे आणि घटवून घटवून काढायचे, असा शिरस्ता. (म्हणजे आमचं स्मरणचित्रच, फक्त युरोपातलं.) १९०९ मध्ये शीले आणि त्याचे काही मित्र अकादमीतून बाहेर पडले आणि त्यांनी आपला वेगळा ग्रुप काढला.

तेव्हा व्हिएन्नात गुस्टाव क्लिम्टचं राज्य होतं. तोच, ज्याचं सोनेरी 'किस' आता कॉफीच्या मगपासून मोबाईलच्या कव्हरपर्यंत सगळीकडे दिसतं. क्लिम्टने या पोराला हात दिला, त्याची चित्रं घेतली, त्याला मॉडेल्स मिळवून दिल्या. सुरुवातीला शीलेही त्याच्यासारखंच काढायचा. १९१० च्या आसपास मात्र त्याच्या चित्रातलं सोनं गळालं, नक्षी गळाली आणि उरली ती फक्त रेघ.

इथे जरा थांबून ही रेघेची भानगड काय आहे ते सांगते, कारण मलाही ती सरांनी तीनदा समजावली.

जुन्या पद्धतीत रेघ म्हणजे कुंपण. शरीर कुठे संपतं एवढंच तिने सांगायचं. गोलाई, वजन, भाव हे सगळं काम छाया-प्रकाशाचं. चित्र पूर्ण झालं की रेघेने गुपचूप नाहीसं व्हायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या चित्रकारांनी तिला कामाला लावलं. क्लिम्टची रेघ पाण्यासारखी वाहते. मातीसची रेघ एका दमात फिरून येते, जेवण झाल्यावर शतपावलीला निघालेल्या माणसासारखी निवांत. आणि शीलेची रेघ? ती नसेसारखी आहे. कुठे बारीक, कुठे टरारलेली. शेडिंग जवळपास नाहीच. हाड, कातडी, थकवा, भीती, सगळ्याचा भार त्या एका रेघेवर.

ती कशी यायची, हेही लिहून ठेवलेलं आहे. हाइनरिश बेनेश नावाचे रेल्वेतले एक अधिकारी शीलेची चित्रं जमवायचे. त्यांनी त्याला काम करताना जवळून बघितलं होतं. शीले कधी बुटक्या स्टुलावर बसून गुडघ्यावर बोर्ड घेई, तर कधी उभा राहून, एक पाय स्टुलावर ठेवून. उभा असला की पेन्सिलचा हात कुठेही न टेकवता सगळी रेघ खांद्यातून ओढायचा. खोडरबर त्याला माहीतच नव्हता. चुकलं तर कागद फेकून द्यायचा. पण चुकायचं क्वचितच. रंग भरायचा तो नंतर, मॉडेल निघून गेल्यावर, आठवणीने. कधी आडव्या झोपलेल्या बाईचं चित्र काढून सही अशी ठोकायचा की कागद उभा धरावा लागावा. मग ती बाई अधांतरी तरंगायला लागायची. अठ्ठाविसाव्या वर्षी तो गेला, तोपर्यंत कागदावरची त्याची जवळपास ३००० चित्रं झाली होती.

वाचून छान वाटतं. पण हात तर आपलाच ना! 'खोडता येणार नाही' म्हटल्यावर पेन्सिल कागदावर टेकवायचीच भीती वाटायला लागते. ऑफिसात आपण दिवसभर काय करतो? दोन ओळींचा मेल चारदा लिहितो, तीनदा डिलीट करतो, 'काइंड रिगार्ड्स' की 'वॉर्म रिगार्ड्स' यावर पाच मिनिटं घालवतो. एकदाच काढलेली आणि तशीच राहू दिलेली रेघ ही सवयच राहिलेली नाही.

त्यावर सरांचं औषध म्हणजे कागदाकडे बघायचंच नाही! डोळे माणसावर, पेन्सिल कागदावर, आणि दोघांचा वेग एक. डोळा कानावरून मानेवर जितक्या हळू उतरेल, तितकीच पेन्सिल हळू. शिल्पकार रोदँ अशी चित्रं काढायचा. मॉडेलला मोकळेपणी वावरू द्यायचं आणि नजर न हलवता हात चालू ठेवायचा. पहिल्या प्रयत्नात माझ्या वॉचमन काकांचं नाक छातीवर आलं. पण गंमत म्हणजे ते नाक काकांचंच होतं!

मग होमवर्क मिळालं. घरातल्या एकाच माणसाची वीस चित्रं. घरात आम्ही दोघीच, त्यामुळे निवड करायचा प्रश्नच नव्हता.

आई मार्चमध्ये रिटायर झाली. एका सरकारी ऑफिसात ३४ वर्षं खिडकीवर होती. इतकी वर्षं रांगेतली माणसं तिच्या दिशेने बघत होती, पण बघत होती तिच्या हातातल्या शिक्क्याकडे. त्यामुळे कोणी आपल्याचकडे टक लावून बघतंय, ही कल्पनाच तिला झेपेना.

"मला कशाला? शेजारच्या पिंकीला बसव. चांगली दिसते."

"मला तूच हवीयेस. दोन मिनिटं बस गं."

"कुकर लावलाय मी."

"मग तीन शिट्ट्या होईपर्यंत."

अशी आमच्या घरी पोझची वेळ कुकरवर ठरली. पहिली पाच चित्रं अगदीच पाठांतर. पाठमोरी बाई, फक्त तोंड आमच्याकडे केलेली. सहाव्यापासून मी कागदाकडे बघणं सोडलं. आई बसल्या जागी लसूण सोलायची, मधेच "झालं का?" विचारायची, मान वळवायची. "आई, जरा हलू नकोस!" हे मी दिवसाला वीसदा म्हणायचे. ती हलली की रेघही हलायची. तशीच राहू द्यायची, खोडायची नाही.

एका रात्री ती झोपल्यावर मी तोवर झालेली चौदा चित्रं हॉलमध्ये फरशीवर मांडली. तोंडं वाकडी, बोटं सहा-सहा. पण एक गोष्ट चौदाही चित्रांत सारखी होती. आईची पाठ खुर्चीला कुठेही टेकलेली नव्हती. सगळीकडे ती खुर्चीच्या पुढच्या कडेवर, एक टाच उचललेली. कोणी हाक मारली की लगेच उठता यावं, अशी.

एकोणतीस वर्षं मी या बाईबरोबर राहतेय. हे मला माहीत नव्हतं. मी ते ठरवून काढलं नव्हतं, कारण माहीत नसलेलं ठरवून काढणार कसं? डोळ्याने बघितलं, हाताने नोंदवलं आणि मला सगळ्यात शेवटी कळलं.

आधुनिक चित्रकलेबद्दल वाचताना एक वाक्य कुठे ना कुठे भेटतंच, की बोलकी रेघ म्हणजे चित्रकाराच्या मनातली खळबळ. शीलेबद्दल तर हमखास. वडील लवकर गेले, पोरगा बंडखोर, म्हणून रेघ अशी. असेलही. पण त्या फरशीवर बसून मला वाटलं की रेघेला दोन टोकं असतात. एक काढणाऱ्याच्या हातात, दुसरं समोर बसलेल्या माणसाकडे. तिकडून काही आलंच नाही, तर खळबळ कितीही असो, कागदावर उतरतात टोपीवाले आजोबाच.

आणि दुसऱ्या टोकाला माणूस आहे म्हटलं, की पुढची पंचाईत आलीच.

सतरावं चित्र काढताना कुकर कधीच होऊन गेला होता. आई गॅलरीकडे बघत बसली होती. लसूण हातात तसाच. मी समोर आहे हेच ती विसरली होती. मी जेमतेम दहा-बारा रेघा ओढल्या असतील. जमलेलं चित्र कसं असतं, ते मला त्या दिवशी कळलं. सर खूश होणार, बहुतेक भिंतीवर लावणार, इथपर्यंत माझं सगळं ठरलं होतं.

आईने ते हातात घेतलं. बराच वेळ बघत राहिली.

"आलंय छान," ती म्हणाली. "पण हे बाहेर दाखवू नकोस."

"का गं?"

"नको म्हणते ना."

मी हुज्जत घातली. कलेत असं चालत नाही, वगैरे डायलॉग मारले. ती पोळ्या लाटायला निघून गेली. आणि मी चिडून शीलेचं पुस्तक उघडलं. आपली बाजू भक्कम करायला, दुसरं काय!

पुस्तक नेमकं उलटं बोलायला लागलं. १९११ मध्ये शीले नॉयलेंगबाख नावाच्या छोट्या गावात राहायला गेला. बरोबर त्याची मैत्रीण आणि मॉडेल वाली नॉयझिल. गावातली मुलंमुली स्टुडिओत येत, तो त्यांची चित्रं काढे. एप्रिल १९१२ मध्ये त्याला अटक झाली. २४ दिवस कोठडीत काढावे लागले. मुलीला पळवून नेल्यासारखे गंभीर आरोप टिकले नाहीत. अश्लील चित्रं मुलांच्या नजरेला पडतील अशी ठेवली, एवढ्यासाठी शिक्षा झाली. न्यायाधीशाने भर कोर्टात त्याचं एक चित्र मेणबत्तीवर धरून जाळलं.

आपण मॉडर्न माणसं. आपल्याला चित्र जाळणारा न्यायाधीशच व्हिलन वाटतो, आणि तो होताच. पण त्या पोरींचं काय? रेघ कितीही थोर असली, तरी आपलं शरीर असं कागदावर जावं का, हे ठरवण्याएवढ्या त्या मोठ्या नव्हत्या. शीलेची ती चित्रं बघताना मला आता दोन्ही दिसतं. रेघही आणि तेही. एकामुळे दुसरं खोडलं जात नाही.

शीलेवरचा वाद अजून संपलेला नाही, पण तो नेहमी कपड्यांवर येऊन अडकतो. २०१८ मध्ये त्याच्या मृत्यूला १०० वर्षं होणार म्हणून व्हिएन्नाच्या पर्यटनवाल्यांनी २०१७ मध्ये त्याच्या न्यूड चित्रांची पोस्टर्स काढली. लंडन आणि जर्मनीतल्या काही ठिकाणी ती तशी लावायला नकार मिळाला. मग त्यांनी नको तेवढ्या भागावर पट्टी चिकटवली आणि पट्टीवर लिहिलं की माफ करा, चित्र शंभर वर्षांचं झालंय पण आजही झेपत नाही! मार्केटिंग म्हणून फुल मार्क्स. पण माझ्या हातातल्या सतराव्या चित्रात आईची साडी चापूनचोपून नेसलेली होती, पदर खांद्यावर होता. पट्टी लावणार कुठे? उघडं पडलं होतं ते निराळंच काहीतरी. ते कुणाला दाखवायचं हे ठरवायचा हक्क माझ्या ए ग्रेडला नव्हता.

शीलेची गोष्ट इथे संपत नाही. १९१५ मध्ये त्याने एडिथ हार्म्सशी लग्न केलं. त्यानंतरची त्याची रेघ बघा. कोपरे कमी होतात, गोलाई येते, घाई कमी होते. समोरचं माणूस हळूहळू त्याच्याइतकंच महत्त्वाचं होत जातं. फेब्रुवारी १९१८ मध्ये क्लिम्ट गेला. शवागारात जाऊन शीलेने त्याचा चेहरा काढला. मार्चमध्ये सेसेशनच्या प्रदर्शनात शीलेला मुख्य दालन मिळालं, चित्रं खपली, बरे दिवस आले. आणि ऑक्टोबरमध्ये फ्लूची साथ घरात शिरली. एडिथ सहा महिन्यांची गरोदर होती. २८ ऑक्टोबरला ती गेली. ३१ ला तो.

तिच्या शेवटच्या दिवसांत त्याने तिला काढलं. काळा खडू, मोजक्या रेघा, रंग नाही. ना टोकदार कोपर, ना अधांतरी सही. नुसती ती. पुस्तकातल्या त्या पानाशी मी आजवर दोनदा थांबलेय. हे चित्र आपल्याला बघायला मिळालं याचं मला बरं वाटतं. आणि हे त्या दोघांचंच होतं, आपण मध्ये डोकवायला नको होतं, असंही वाटतं.

रविवारी मी क्लासला गेले. सरांनी चित्रं मोजली.

"एकोणीस आहेत. वीस सांगितली होती."

"वीस झालीयेत, सर. एक दाखवायचं नाहीये."

"खोडलंत?"

"नाही. घरी आहे."

"मग ठीक आहे," म्हणाले आणि पुढच्याच्या टेबलाकडे वळले. बिस्किटांच्या डब्यातला माझा खोडरबर मी त्या दिवशी परत घ्यायला विसरले.

या वीकेंडला तुम्हीही करून बघा. साधी पेन्सिल, पाठकोरे कागद आणि घरातलं कुठलंही माणूस. मोबाईल दुसऱ्या खोलीत. कागदाकडे बघायचं नाही, खोडायचं नाही. नाक छातीवर येईल, येऊ दे. कधी ऑनसाइटच्या कृपेने व्हिएन्नाला गेलात, तर लिओपोल्ड म्युझियममध्ये शीलेचा भला मोठा संग्रह आहे, तोही बघा. फक्त घरचं चित्र झाल्यावर ज्याचं आहे त्याला आधी दाखवा. आणि तो 'नको' म्हणाला, तर डायलॉग मारू नका.

दर आठवड्याला या कॉलमबरोबर एक फोटो असतो. या वेळी एडिटरने एखादं स्केच मागितलं होतं. मी आईला विचारलं. सगळा मजकूर वाचून दाखवला. तिने चष्मा काढला, पुसला आणि म्हणाली, "लिही हवं तर. चित्र नको. आणि ते कुकरचं काढून टाक. लोकांना वाटेल, आपल्याकडे रोज खिचडीच असते."

म्हणून या आठवड्यात इथे चित्र नाही. कुकर मात्र राहू दिलाय. खोडायचं नाही, असं ठरलंय ना!